महेश गवळी : बचावफळीतली दोन तपं

कोल्हापूरचा फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ यांच्या लढती शाहू स्टेडियमवर रंगतात तेव्हा कसबा बावड्यातूनही पोरं दुचाक्या काढून तिकडे धावतात. घरी परतताना चर्चा असते ती आघाडीवीरांची. पण फुटबॉल खऱ्या अर्थानं शिकायचा असेल, तर गोव्याचे बचावपटू महेश गवळी यांच्या कारकिर्दीचा मागोवा घ्यायला हवा.

1980 साली जन्मलेले गवळी जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत घडले आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मडगावच्या चर्चिल ब्रदर्सकडून खेळू लागले. जागा सेंटर बॅकची. गोलरक्षक सोडला तर अख्खा खेळ समोर दिसतो तो याच जागेवरून. चेंडू कुणाकडे आहे, यापेक्षा तो पुढे कुणाकडे जाणार, हे इथं आधी ओळखावं लागतं. आघाडीवीर अंगावर आला की घाईनं पाय घालायचा नाही. शरीर जरा तिरकं ठेवून त्याला कडेला ढकलायचं, त्याच्या कमजोर पायावर चेंडू जाऊ द्यायचा आणि त्याचा स्पर्श लांबला की मगच टॅकल करायचं. हे धीराचं काम, आणि गवळींनी ते वर्षानुवर्षं चोख केलं.

2003 साली ते ईस्ट बंगालमध्ये होते. त्याच वर्षी 26 जुलैला जकार्तामध्ये या संघानं थायलंडच्या बेक तेरो सासाना क्लबला 3-1 असं हरवून आसियान क्लब अजिंक्यपद मिळवलं. भारतीय क्लबनं परदेशात मिळवलेलं इतकं मोठं यश विरळाच. पुढे 2007 साली बॉब हॉटन यांच्या मार्गदर्शनाखाली भारतानं दिल्लीत नेहरू चषक जिंकला. अंतिम सामन्यात सीरियाविरुद्ध गोल एकच झाला, एन. पी. प्रदीपचा. 1-0 अशा विजयात तो एक गोल जितका मोलाचा, तितकंच पलीकडचं शून्यही मोलाचं. त्या संघाच्या बचावात गवळी होते.

क्लब कारकिर्दीचा सुवर्णकाळ आला तो धेंपो क्लबमध्ये. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली धेंपोनं आय-लीगचा पहिलाच मोसम, म्हणजे 2007-08, जिंकला. मग 2009-10 आणि 2011-12 मध्येही विजेतेपद मिळवलं. 2008 मध्ये हा संघ एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीत पोचला. 2011-12 च्या मोसमात रँटी मार्टिन्सनं 32 गोल केले आणि त्याचा बोलबाला झाला, तो योग्यच होता. पण पुढची फळी इतकी बिनधास्त चढाई करू शकली, कारण पाठीमागे गवळी आणि समीर नाईक यांच्यासारखे भरवशाचे गडी उभे होते.

बूट उतरवल्यावर गवळी प्रशिक्षणाकडे वळले आणि राष्ट्रीय संघाचे सहायक प्रशिक्षक झाले. 2023 च्या सॅफ (दक्षिण आशियाई) स्पर्धेत बंगळूरला मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांना दोनदा लाल कार्ड मिळालं. निलंबनामुळे ते नेपाळविरुद्धचा सामना, उपांत्य लढत आणि अंतिम सामना अशा तिन्ही वेळी संघासोबत नव्हते. जबाबदारी गवळींवर आली. नेपाळला 2-0 असं हरवलं. लेबननविरुद्ध 120 मिनिटं गोलफलक कोरा राहिला आणि पेनल्टीवर 4-2 अशी सरशी झाली. 4 जुलैच्या अंतिम सामन्यात कुवेतनं आधी गोल केला, भारताच्या छांगटेनं बरोबरी साधली आणि पेनल्टीत भारतानं 5-4 अशी बाजी मारली. पाच सामन्यांत भारतावर दोनच गोल झाले, त्यातला एक स्वयंगोल. आयुष्यभर मागे उभं राहून मैदान वाचलेला माणूस आणीबाणीच्या वेळी गडबडला नाही.

कोल्हापूरनं अनिकेत जाधवसारखा आघाडीवीर 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकापर्यंत पाठवला, याचा आम्हाला अभिमान आहे. आता आपल्या तालमींनी बचावपटू घडवण्यासाठीही तेवढीच मेहनत घ्यावी. उंच, दांडगा पोरगा दिसला की त्याला मागे उभं करायचं, एवढ्यानं भागणार नाही. त्याला जागा धरणं, वाट पाहणं, सोबत्यांना सतत हाक देत फळी बांधून ठेवणं शिकवावं लागेल. गवळींची दोन तपं सांगतात की हे शिकलेला खेळाडू नव्वद मिनिटं संघ सांभाळतो आणि खेळ थांबल्यावरही संघाच्या कामी येतो.