नवीन बोर्ड घेण्याआधी बघा: चिपमध्ये एन्कोडर आहे का?

राईस मिलमध्ये कॅमेरा लावून रेकॉर्डिंगचा छोटा सेटअप विकायचा विचार करताय? मग "सगळ्यात नवीन रास्पबेरी पाय घेऊन टाकू" असं मनात येणारच. थांबा, आधी हिशोब करू.

फुल एचडी, सेकंदाला 30 फ्रेम असा कच्चा व्हिडिओ सेकंदाला साधारण 93 एमबी होतो. म्हणजे तासाला 330 जीबीच्या वर! हाच व्हिडिओ 4 एमबीपीएसवर एन्कोड केला तर तासाला फक्त 1.8 जीबी.

हे होतं कसं? गोदामाचं स्टॉक रजिस्टर आठवा. धानाचे 500 कट्टे होते, 20 गेले, तर आपण सगळे कट्टे पुन्हा लिहीत नाही, फक्त फरक लिहितो. एच.264 तेच करतं. फ्रेमचे 16 बाय 16 पिक्सेलचे चौकोन पाडतं, प्रत्येक चौकोन आधीच्या फ्रेममध्ये कुठे होता ते शोधतं आणि उरलेला फरक तेवढा दाबून लिहितं. मिलची भिंत हलत नाही, त्यामुळे तिला जागा जवळजवळ लागतच नाही.

सगळ्यात जास्त मेहनत या शोधाशोधीत जाते. ती प्रोसेसरने केली तर बोर्ड तापतो. म्हणून काही चिपमध्ये त्यासाठी वेगळा भाग असतो. एकच काम, पण कमी विजेत आणि पटापट. प्रोसेसर मोकळाच राहतो.

आता खरी गंमत. 2019 च्या पाय 4 मध्ये फुल एचडी, 30 फ्रेमचा एच.264 एन्कोडर आहे. 2023 च्या पाय 5 मध्ये तो नाहीच! त्याचा प्रोसेसर दमदार आहे, एक कॅमेरा तो सॉफ्टवेअरवर सांभाळेल. पण मे महिन्यातला आपला गोंदिया आणि पंख्यात जाणारा कोंडा, दोन्ही लक्षात घ्या. 80 अंशांच्या पुढे बोर्ड स्वतःच वेग कमी करायला लागतो.

जाहिरातीत "4के व्हिडिओ" दिसलं तरी नीट वाचा. डीकोड म्हणजे व्हिडिओ दाखवणं, एन्कोड म्हणजे तयार करणं. पाय 5 फोर-के दाखवतो, पण ते फक्त डीकोड.

आणखी एक. आयपी कॅमेरा असेल तर एन्कोडिंग कॅमेऱ्यातच होतं. बोर्डने आलेला व्हिडिओ फक्त साठवायचा, मग साधा बोर्डही चालतो.

म्हणून कोटेशन देण्याआधी स्वतःला विचारा: एन्कोडिंग नक्की कोण करणार? कॅमेरा, चिप की प्रोसेसर? उत्तर मिळालं की मगच पैसे घाला. तुमचा सेटअप काय आहे, कमेंटमध्ये सांगा.