स्लॅब कोसळतो, तेव्हा कोण गाडला जातो?

जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रातील पाणी उल्हासनगरच्या घराघरांत जाते. हेच पाणी संडास-मोरीच्या फुटक्या पाइपातून स्लॅबमध्ये मुरले की आतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. मग वरचा स्लॅब खालच्या घरावर आदळतो. मे २०२१ मध्ये पंधरवड्यात 'मोहिनी पॅलेस' आणि 'साई शक्ती' या इमारतींचे स्लॅब कोसळून दहाहून अधिक माणसे मेली. त्यांत कोणी बिल्डर नव्हता!

८ ऑगस्ट १९४९ रोजी लष्करी छावणीच्या जागी वसलेले हे निर्वासितांचे शहर. पुढे १९९० च्या दशकात निकृष्ट उलवा रेतीने झटपट इमारती उठल्या. बिल्डर पैसे घेऊन मोकळे झाले. २००६ साली शासनाने बेकायदा बांधकामे नियमित करण्याचा खास कायदा केला. पण कागद नियमित झाल्याने स्लॅब मजबूत होतो काय?

जुनी इमारत म्हणजे पाडायचीच, ही बिल्डरची भाषा आहे. ३० वर्षे झाली की स्ट्रक्चरल ऑडिट करा, असे कायदा सांगतो. त्यात 'सी-१' ठरलेली इमारतच पाडावी लागते. 'सी-२ए' रिकामी करून, तर 'सी-२बी' माणसे राहत असतानाच दुरुस्त करता येते. 'सी-३' ला किरकोळ डागडुजी पुरते. सडलेले काँक्रीट काढून, गंज घासून, खांबांना जॅकेटिंग केले तर घर वाचते. मात्र वेळेत!

वरळीच्या बीडीडी चाळी आपल्या माणसांना नव्याने सांगायला नकोत. तेथे दुरुस्ती नव्हे, पुनर्विकास झाला. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना मिळाले. जमीन सरकारी होती, खोलीची नोंद होती आणि रहिवासी हक्कासाठी अडून बसले होते. उल्हासनगरच्या भाडेकरूच्या हाती काय आहे?

म्हणून बांधवांनो, नोटीस येण्याची वाट पाहू नका. सोसायटी नोंदवा, गळती आधी थांबवा, ऑडिट करून घ्या. घर सोडण्याची वेळ आलीच, तर नाव व क्षेत्रफळ लेखी घेतल्याशिवाय कुलूप लावू नका. गरिबांच्या इमारतींच्या ऑडिटचा खर्च महापालिकेने उचलावा, ही मागणी लावून धरा. निवारा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये चमेली सिंग खटल्यात सांगितले आहे. ही भीक नव्हे, संविधानाच्या २१ व्या कलमाने दिलेला हक्क आहे!