गोल्फ ऑलिम्पिकमध्ये आला, पण फाटकाचे काय?

ब्राझीलच्या रिओ शहरात २०१६ साली गोल्फ हा खेळ ऑलिम्पिकमध्ये परत आला. तब्बल ११२ वर्षांनी! साहेबांच्या आणि शेठजींच्या या खेळाशी बहुजनांचा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध फाटकाचा आहे. ते कोणासाठी उघडते आणि कोणासाठी बंद राहते, याचा आहे.

त्याआधी ऑलिम्पिकमध्ये गोल्फ खेळला गेला तो १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे. ७७ खेळाडूंपैकी ७४ अमेरिकेचे, उरलेले तीन कॅनडाचे. (सुवर्णपदक मात्र कॅनडाच्या जॉर्ज लायनने नेले!) १९०० साली पॅरिसला स्त्रिया गोल्फ खेळल्या होत्या, सेंट लुईसला त्यांच्यासाठी स्पर्धाच नव्हती. आणि याच शहरात, याच ऑलिम्पिकच्या निमित्ताने, जागतिक प्रदर्शनात मांडून ठेवलेल्या आदिवासींना 'मानववंशशास्त्र दिन' या गोंडस नावाखाली धावायला, भाला फेकायला लावले गेले. न शिकवता, न सराव देता. मग त्यांच्या आकड्यांवरून गोरा माणूस श्रेष्ठ असल्याचा निष्कर्ष काढायला 'विद्वान' मोकळे! पुढे अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फ संघटनेने १९३४ साली आपल्या घटनेतच गोऱ्यांखेरीज कोणी सभासद होऊ नये असे कलम घातले. ते १९६१ पर्यंत टिकले. काळा माणूस मैदानावर होताच, पण दुसऱ्याची बॅग खांद्यावर घेऊन.

रिओला रोरी मॅकिलरॉयसारखे बडे खेळाडू झिका रोगाचे कारण देऊन आलेच नाहीत. भारताकडून मात्र शिव शंकर प्रसाद चौरसिया खेळला. त्याचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात हिरवळ राखण्याचे काम करीत. मुलगा तिथेच कॅडी झाला आणि बघून बघून खेळ शिकला. ना प्रशिक्षक, ना वशिला.

त्यानंतरचे ऑलिम्पिक टोकियोचे. त्यासाठी निवडलेल्या कासुमिगासेकी क्लबात स्त्रियांना पूर्ण सभासदत्व नव्हते, रविवारी खेळण्याचीही मनाई होती. आम्ही खासगी क्लब, आमचे नियम आमचे, हा अशा क्लबांचा नेहमीचा युक्तिवाद. वाचकांना तो ओळखीचा वाटेल. महाडचे चवदार तळे खासगी मालकीचे असल्याचा दावा सनातन्यांनी कोर्टात केलाच होता. तो टिकला नाही आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टाचा निकालही बाबासाहेबांच्या बाजूने लागला. कासुमिगासेकीच्या संचालकांना काही अचानक समतेचा साक्षात्कार झाला नाही. नियम बदला, नाहीतर स्पर्धा दुसरीकडे नेऊ, असा दबाव ऑलिम्पिक समितीकडून आला. १९२९ साली स्थापन झालेल्या क्लबाने मार्च २०१७ मध्ये नियम बदलला.

ऑगस्ट २०२१ मध्ये याच मैदानावर बंगळूरची अदिती अशोक चौथी आली. पदक अवघ्या एका फटक्याने हुकले. तिची कॅडी होती तिची आई.