प्यादे एकच घर चालते तेव्हा

बुद्धिबळाचा पट मांडा आणि मोजा: पांढऱ्याला पहिली खेळी किती प्रकारे करता येईल? आठ प्यादी, प्रत्येकी एक किंवा दोन घरे, म्हणजे 16. दोन घोडे, प्रत्येकी दोन जागा, म्हणजे 4. एकूण 20. काळ्यालाही तितक्याच. तेव्हा दोघांची एकेक खेळी होताच पटावर 400 निरनिराळ्या स्थिती संभवतात.

आता गेवराईच्या पारावर एखाद्या जुन्या खेळाडूला देशी डावाचे नियम विचारून पाहा. गावोगावी त्यांत थोडाफार फरक असे. पण सामान्यतः प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चाले. राजाला एकदाच मिळणारी घोड्याची उडी सोडली, तर खेळी उरतात 12 आणि स्थिती 144. फरक केवळ आकड्यांचा नाही. प्यादी सावकाश सरकली की सैन्ये उशिरा भिडतात. घोड्यापुढचे प्यादे एक घर सारायचे आणि त्या रिकाम्या घरात उंट बसवायचा, एवढी सवड मिळते.

कलकत्त्यातील महेशचंद्र बॅनर्जी याच वळणावर वाढलेले खेळाडू. 1848 पासून ते जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरशी युरोपीय नियमांनी खेळू लागले. त्यांचे शेकडो डाव नोंदलेले आहेत. 1855 चा एक पाहा. कॉक्रेन यांनी वजिरापुढचे प्यादे दोन घरे ढकलले. महेशचंद्रांनी आधी घोडा काढला, मग घोड्याच्या घरापुढचे प्यादे एकच घर सारले. तिसऱ्या खेळीला मात्र त्यांनी नव्या नियमाचा फायदा घेतला: वजिरापुढचे प्यादे दोन घरे, थेट शत्रूच्या तोंडी! चौथ्या खेळीला उंट त्या मोकळ्या घरात. पटाचा मध्य पांढऱ्याला घेऊ द्यायचा आणि तिरप्या रेषेतून दुरून त्यावर दाब ठेवायचा, ही यातली युक्ती.

डाव ते हरले. 18व्या खेळीनंतर कॉक्रेन यांना तीन खेळ्यांत मात देता येत होती: घोडा उठताच त्याचा आणि मागच्या वजिराचा दुहेरी शह, मग वजिराचा बळी, तो हत्तीने घ्यायचा, आणि स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला घोड्याची मात. माझ्या मते दगा दिला तो शेवटाने, सुरुवातीने नव्हे.

कारण 1922 मध्ये ऑस्ट्रियाच्या एर्न्स्ट ग्रुनफेल्डने व्हिएन्नात हीच सुरुवात आलेखिनविरुद्ध केली आणि डाव जिंकला. आलेखिन पुढे 1927 मध्ये जगज्जेता झाला. सुरुवातीला नाव पडले ते ग्रुनफेल्ड बचाव. मात्र ज्या घराण्यात तिची गणना होते, त्याला आजही ‘इंडियन डिफेन्स’ म्हणतात.