पाहिजे : एक संगणक

1892 सालच्या मे महिन्याच्या 2 तारखेस न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्रात एक लहानशी सूचना छापून आली. तिचा मथळा होता 'संगणक पाहिजे'. वाचकांनी बुचकळ्यात पडण्याचे कारण नाही. विजेवर चालणारे गणकयंत्र जन्मास येण्यास त्या वेळी पन्नासाहून अधिक वर्षांचा अवकाश होता. त्या काळी 'कॉम्प्युटर' हा शब्द यंत्रास नव्हे, तर दिवसभर बसून आकडेमोड करणाऱ्या मनुष्यास लावीत असत. वॉशिंग्टन येथील नाविक पंचांगाच्या कचेरीत अशा दोन जागा रिकाम्या होत्या. एकीचे वेतन 1000 डॉलर आणि दुसरीचे 1400 डॉलर होते. परीक्षा 18 मे रोजी व्हावयाची होती आणि तिचे विषय बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती व खगोलशास्त्र हे होते.

ही सूचना आम्हांस फार आवडते. तिच्यात जागा किती, कोठे, पगार काय, निवड कशी होणार आणि त्यासाठी काय यावयास हवे, हे सर्व चार-पाच ओळींत आले आहे. उमेदवाराचे घराणे, त्याची भाषा, त्याचे 'उमदे व्यक्तिमत्त्व' यांविषयी चकार शब्द नाही. आज माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातील नोकऱ्यांच्या ज्या जाहिराती आपण पाहतो, त्या या सूचनेच्या दहापट लांब असतात. पण त्या वाचून झाल्यावर नेमके काम कोणते, हा प्रश्न पुष्कळदा तसाच उरतो. आमच्या शाळेतील अनेक मुलेमुली उद्या याच क्षेत्रात नोकरी शोधणार आहेत आणि त्यांतील काही तर पुढे स्वतः दुसऱ्यास नोकरी देणार आहेत. म्हणून ही जाहिरात लिहावी कशी, वाचावी कशी आणि तिच्यातून माणूस निवडावा कसा, याचा विचार येथे करावयाचे योजिले आहे.

आपल्या देशातही असे मानवी 'संगणक' होते. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांना 1831 साली गोलीय त्रिकोणमिती जाणणारा तरुण हवा होता. त्यांनी कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक टायटलर यांना विचारले आणि टायटलर यांनी राधानाथ सिकदार या आपल्या विद्यार्थ्याचे नाव सुचविले. वीस वर्षेही पुरी न झालेल्या या तरुणास 'कॉम्प्युटर' म्हणून नेमण्यात आले. पुढे 1852 च्या सुमारास ज्याच्या गणितावरून 'शिखर क्रमांक 15' हे जगातील सर्वोच्च शिखर ठरले, तो हाच सिकदार. एव्हरेस्ट यांनी मागितले ते एक विशिष्ट कौशल्य, आणि तेच त्यांना मिळाले.

काम आधी आणि पद नंतर, या क्रमाचे एक विलक्षण उदाहरण तर आपल्या सिल्व्हासाच्याच इतिहासात आहे. 1954 साली दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीज अमलातून मुक्त झाली. त्यानंतर सात वर्षे येथील कारभार वरिष्ठ पंचायतीच्या विचाराने चालला. 1961 साली भारतात विलीन होण्याची वेळ आली, तेव्हा करारनाम्यावर भारताच्या पंतप्रधानांसमोर या प्रदेशाच्या वतीने सही करण्यास कायद्याने अधिकारी असा कोणी हवा होता. तेव्हा के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्यास 11 ऑगस्ट 1961 रोजी एका दिवसापुरते या प्रदेशाचे पंतप्रधान करण्यात आले. त्यांनी पंडित नेहरूंबरोबर करारावर सही केली आणि पदाचे प्रयोजन संपले. जगातील फार थोड्या पदांचे कर्तव्य इतके स्वच्छ शब्दांत सांगता येईल!

आता आजच्या सिल्व्हासाकडे वळू. पिपरिया, आमली, मसाट, राखोली, खडोली या भागांत कारखान्यांची दाटी आहे. सूत, प्लास्टिक, विजेच्या तारा असा माल तेथे तयार होतो. बाहेरच्या माणसास वाटते की येथे संगणकाचे काम ते काय असणार? परंतु 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, आणि बिले, विवरणपत्रे व मालवाहतुकीचे परवाने ही सारी कामे संगणकावर आली. कच्च्या मालाची नोंद, कामगारांची हजेरी, यंत्रांचे नियंत्रण, सर्वांच्या मागे एक जाळे उभे असते. ते जाळे सकाळी बंद पडले की दुपारपर्यंत मालाचे ट्रक फाटकाशी उभे राहतात. हे काम पाहणारा माणूस मालकास हवा असतो आणि तो मिळविण्यासाठी मालक जाहिरात देतो.

येथेच पहिली गफलत होते. जाहिरातीत लिहिले जाते, 'आय. टी. एक्झिक्युटिव्ह पाहिजे'. हे नाव म्हणजे 'दवाखान्यात माणूस पाहिजे' असे म्हणण्यासारखे आहे. वैद्य हवा की परिचारिका की औषधे देणारा, याचा बोध त्यातून होत नाही. माहिती तंत्रज्ञानात अनेक वेगवेगळी कामे आहेत. आज्ञावली म्हणजे प्रोग्राम लिहिणारा निराळा आणि ती आज्ञावली बिनचूक चालते की नाही हे तपासणारा निराळा. विदागार म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्यास माहिती गहाळ होऊ न देण्याची चिंता असते. नेटवर्कवाला तारा, स्विच आणि राउटर यांच्यामागे असतो. सुरक्षा पाहणारा चोरवाटा शोधतो. आणि 'सपोर्ट'चा माणूस दिवसातून चाळीस वेळा 'प्रिंटर चालत नाही' ही तक्रार हसतमुखाने ऐकून घेतो. या शेवटच्या कामास आमच्या मते सर्वांत अधिक सहनशीलता लागते, आणि जाहिरातीत तिचा उल्लेख कधीच नसतो.

मसाटमधील एखाद्या कारखान्यास अशा माणसाची जाहिरात द्यावयाची आहे, अशी कल्पना करू. मालकाने लेखणी हाती घेण्यापूर्वी गेल्या महिन्यात संगणक विभागाने प्रत्यक्ष काय केले, हे एका कागदावर उतरून काढावे. तेरा वेळा नेटवर्क दुरुस्त केले, रोज रात्री हिशोबांच्या प्रती काढल्या, पाच नव्या लोकांना बिले करावयास शिकविले, दोनदा रात्रपाळीस धावून यावे लागले, असे काही तरी त्यात निघेल. या यादीतूनच जाहिरात तयार होते. नेटवर्क दुरुस्ती येणे ही अट झाली. शिकविण्याची हातोटी ही दुसरी झाली, आणि शिकणारे कामगार कोणती भाषा बोलतात त्यावरून भाषेची अट ठरली. येथे गुजराती, हिंदी, मराठी, वारली या बोलल्या जातात. तेव्हा 'अस्खलित इंग्रजी' या अटीपेक्षा 'गुजराती किंवा हिंदीत समजावून सांगता यावे' ही अट कामास अधिक जवळची ठरेल. रात्रपाळीस यावे लागते हेही स्पष्ट लिहिलेले बरे. ते लपवून नेमलेला माणूस दुसऱ्या महिन्यात सोडून जातो, आणि पुन्हा जाहिरातीचा खर्च येतो तो वेगळाच.

याउलट दुसऱ्या कोणाची जाहिरात समोर ठेवून तिची नक्कल केली, तर काय घडते? 2020 साली सेबास्तियान रामिरेझ या कोलंबियन संगणकतज्ज्ञाने एक गंमत जगापुढे मांडली. एका जाहिरातीत 'फास्टएपीआय' या साधनाचा चार वर्षांहून अधिक अनुभव मागितला होता. ते साधन स्वतः रामिरेझ यांनीच निर्माण केले होते, आणि त्यास तेव्हा दीडच वर्ष झाले होते. म्हणजे प्रत्यक्ष जनकही त्या नोकरीस अपात्र! हसू आल्यावाचून राहत नाही. पण ज्या मुलाने अशी जाहिरात वाचून 'आपण काही याला पुरत नाही' असे म्हणून अर्जच केला नसेल, त्याच्या बाबतीत ही गोष्ट हसण्यासारखी राहत नाही.

अनाठायी अट किती नुकसान करते, याचा एक प्रसिद्ध दाखला पुण्याचा आहे. 1974 साली टेल्को कंपनीची अभियंत्यांसाठीची जाहिरात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत फलकावर लागली होती. तिच्या तळाशी स्त्रियांनी अर्ज करू नये अशी ओळ होती. तेथे शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीने ती वाचली आणि थेट जे. आर. डी. टाटा यांच्या नावे एक पोस्टकार्ड धाडले. थोड्याच दिवसांत त्यांना पुण्यास मुलाखतीचे बोलावणे आले, प्रश्न अभियांत्रिकीचे विचारले गेले, आणि टेल्कोत नेमल्या गेलेल्या पहिल्या स्त्री अभियंता त्या झाल्या. याच पुढे सुधा मूर्ती या नावाने सर्वांस परिचित झाल्या. 1981 साली इन्फोसिस कंपनी सुरू झाली तेव्हा आरंभीचे 10,000 रुपये त्यांनीच पतीस दिले होते, हे अनेक वाचकांस ठाऊक असेल. एका पोस्टकार्डाने हे घडले खरे. पण पोस्टकार्ड न लिहिता फलकापासून निमूटपणे परतलेल्या मुली किती असतील? पुढे 1976 च्या समान वेतन कायद्याने भरतीच्या वेळीही स्त्री-पुरुष असा भेद करण्यास मनाई केली, आणि ते तत्त्व 2019 च्या वेतन संहितेत कायम राहिले.

पदवीच्या अटीविषयीही आता पुनर्विचार चालू आहे. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने मार्च 2022 मध्ये हजारो सरकारी पदांवरून चार वर्षांच्या पदवीची अट काढून टाकली. त्यांत माहिती तंत्रज्ञानातील पदे बरीच होती. आपल्याकडे चेन्नईच्या झोहो कंपनीने शालान्त किंवा पदविकेनंतरच मुले घेऊन त्यांना स्वतः शिकवावयाचे आणि मग कामावर घ्यावयाचे, असा उपक्रम कित्येक वर्षांपूर्वी सुरू केला. याचा अर्थ शिक्षण नको असा कोणी काढू नये. अर्थ एवढाच की, कौशल्य सिद्ध करण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत. आपल्या जवळ कराड गावी (साताऱ्याचे कराड नव्हे, आपले) शासकीय तंत्रनिकेतन आहे. राष्ट्रीय पातळीवर नायलिट संस्थेच्या 'ओ' आणि 'ए' स्तरांच्या परीक्षा आहेत. महाराष्ट्र शासनाच्या अनेक पदांसाठी एम.एस.-सी.आय.टी. हे प्रमाणपत्र मागितले जाते. पालघर, ठाणे येथे नोकरी पाहणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावे.

अर्ज आल्यानंतर निवड. आमच्याकडे अजूनही निवड म्हणजे मुलाखत, आणि मुलाखत म्हणजे 'तुमच्याविषयी काही सांगा' असा समज आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1998 साली 85 वर्षांच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला. कामाचाच एखादा नमुना करवून घेणे, तसेच सर्व उमेदवारांस तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारून गुण देणे, या पद्धती अघळपघळ गप्पांपेक्षा सरस ठरल्या. शिक्षणाची वर्षे मोजणे फारसे उपयोगी ठरले नाही, आणि हस्ताक्षरावरून माणूस ओळखणे तर अगदीच कुचकामी निघाले. 2022 साली हे आकडे नव्याने तपासण्यात आले, तेव्हा बऱ्याच पद्धतींचे गुण उतरले. पण ठरावीक प्रश्नांची मुलाखत अग्रभागीच राहिली. तेव्हा मसाटच्या त्या कारखानदाराने काय करावे? बिघडलेले एक लहान नेटवर्क टेबलावर मांडावे, उमेदवारास अर्धा तास द्यावा, आणि तो काय करतो हे पाहावे. दोष सापडला नाही तरी तो कोणत्या क्रमाने शोधतो, यावरून पुष्कळ कळते. सरकारनेही काही अंशी हेच ओळखले असावे. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून गट 'क' आणि अराजपत्रित गट 'ब' या पदांच्या मुलाखती बंद केल्या. लेखी परीक्षा आणि कौशल्याची चाचणी मात्र ठेवली.

मग मनुष्याचा पक्षपात टाळण्यासाठी निवड यंत्राकडेच सोपवावी काय? ॲमेझॉन कंपनीने तसा प्रयोग केला होता. मागील दहा वर्षांचे अर्ज यंत्रास शिकण्यासाठी दिले. ते बहुतेक पुरुषांचे होते. म्हणून ज्या अर्जात 'महिलांचा' हा शब्द येई, उदाहरणार्थ महिलांच्या बुद्धिबळ मंडळाची कर्णधार, त्यास यंत्र कमी गुण देऊ लागले. प्रयोग सोडून द्यावा लागला, आणि 2018 साली रॉयटर्स वृत्तसंस्थेने ही हकीकत प्रसिद्ध केली. यंत्राने आपल्या गुरूंचे दोष मन लावून गिरविले होते.

शेवटी घरातील वडीलधाऱ्यांसाठी थोडेसे. मुलाच्या भ्रमणध्वनीवर 'संगणकाची नोकरी, घरबसल्या मोठा पगार' असा संदेश येतो. त्यात काम कोणते ते नसते, कचेरीचा पत्ता नसतो, परीक्षा नसते. आणि दोन दिवसांनी 'नोंदणी शुल्क' किंवा 'संगणकाची अनामत' मागितली जाते. खरा मालक माणूस निवडण्यासाठी स्वतः खर्च करतो, तो उमेदवाराकडून पैसे घेत नाही. शाळेचे मूळ दाखले, आधार क्रमांक, बँकेचा पासवर्ड किंवा ओ.टी.पी. अशा अनोळखी ठिकाणी देऊ नयेत. कंपनीचे नाव खरे वाटले, तरी तिच्या कचेरीत जाऊन किंवा तिचा अधिकृत दूरध्वनी स्वतंत्रपणे शोधून जागा खरोखर आहे काय, हे विचारावे. आणि पैसे गेलेच असतील, तर लाजेने घरात बसू नये. 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली, तर रक्कम पुढे जाण्यापूर्वी बँकेत अडविण्याची शक्यता अधिक असते.