उठायला विसरलेली बंदी

पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली २४ एप्रिल २०२५ ला, महिनाभरासाठी. आपण ३० एप्रिलला तेच केलं. तेव्हापासून दर महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास दोन्हीकडून नवा नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची सूचना, निघतो, मुदत पुढे सरकते आणि आतल्या पानावर चार ओळी छापून येतात. लिव्ह-लायसन्सचा करारसुद्धा माणसं अकरा महिन्यांनी निदान वाचून बघतात.

मला सत्तरचं दशक आठवतं. ३० जानेवारी १९७१ ला श्रीनगरहून जम्मूला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ‘गंगा’ हे फोकर विमान लाहोरला पळवून नेलं गेलं. प्रवासी सुटले, विमान जाळलं गेलं. ४ फेब्रुवारीला भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्यावरून उडायला मनाई केली. पाकिस्तान तेव्हा दोन तुकड्यांत होता आणि कराचीहून ढाक्याची सरळ वाट आपल्या डोक्यावरून जात होती. त्यांची विमानं कोलंबोला वळसा घालून जाऊ लागली. दादरच्या आमच्या कट्ट्यावर ‘जिरली’ या एका शब्दात सगळं परराष्ट्र धोरण आटोपलं होतं, आणि त्या वेळी ते फारसं चूकही नव्हतं.

पाकिस्तान आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे गेला. संघटनेच्या कौन्सिलला ही तक्रार ऐकण्याचा अधिकारच नाही, असं म्हणत आपण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अपील केलं. आपल्या बाजूने उभे होते कायदेपंडित नानी पालखीवाला! मग काय, कट्ट्याने निकाल आधीच लावून टाकला. एका जाणत्या अग्रलेखकाने तर अशा थाटात लिहिलं होतं की कायदा जणू त्यांच्या खिशात आहे. १८ ऑगस्ट १९७२ ला न्यायालयाने सांगितलं की कौन्सिलला अधिकार आहे. त्या गृहस्थांनी त्यावर ओळही लिहिली नाही. मी वाट पाहत होतो.

खरी गंमत पुढेच. निकाल लागला तोवर पूर्व पाकिस्तानचा बांगलादेश झालेला होता. ज्या वाटेवरून भांडण, ती वाट पाकिस्तानला आता रोजची उरलीच नव्हती. तरी बंदी चार वर्षं तशीच! उठली ती १९७६ मध्ये. मे महिन्यात दोन्ही देशांचे अधिकारी इस्लामाबादला बसले, पाकिस्तानने तक्रार मागे घेतली आणि जुलैत विमानं, राजदूत आणि समझोता एक्स्प्रेस अशी सगळी वरात एकदमच निघाली. उशीर झाला खरा, पण टेबलाशी बसून, सह्या करून उठवलेली बंदी होती ती. आता तसं टेबलच कोणी मांडत नाही.

पुढची पंचवीस वर्षं या बाबतीत कंटाळवाणी. संसदेवरच्या हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ ला पुन्हा बंदी आली. ती १ जानेवारी २००४ ला उठली, वाजपेयी सार्कसाठी इस्लामाबादला जाण्याच्या तोंडावर.

बालाकोटवरच्या हवाई हल्ल्यानंतर, २७ फेब्रुवारी २०१९ ला, पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं. ते १६ जुलैच्या मध्यरात्रीनंतर उघडलं, साडेचार महिन्यांत. तोवर एअर इंडियाचं ४९१ कोटींचं नुकसान झाल्याचं मंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं होतं. पण झळ पाकिस्तानलाही होती. आपल्याकडे ये-जा करणाऱ्या परदेशी विमानांनाही ती वाट बंद होती, त्यामुळे वरून उडण्याचं शुल्क बुडत होतं. या खेपेला त्यांनी अक्कल वापरली आणि फक्त भारतीय कंपन्यांना अडवलं. तोटा त्यांनाही होतोय, पण परक्यांचं शुल्क चालू आहे. मग बंदी उठवायची घाई त्यांना कशाला? १९७१ मध्ये भूगोल आपल्या बाजूला होता, आज तो त्यांच्या बाजूला आहे, आणि आपण अजून ‘जिरली’ म्हणत बसलोय.

मुंबईकराला या बंदीचा वळसा फारसा जाणवत नाही, कारण त्याला अरबी समुद्राची वाट आहे. म्हणून इथे कोणी ओरडत नाही. दिल्लीहून वॉशिंग्टनला जाणारी एअर इंडियाची सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून बंद झाली, त्यामागच्या कारणांत हा वळसाही होता. अमेरिकेला निघालेली कंपनीची काही विमानं तेल भरायला व्हिएन्नात उतरू लागली. परदेशी कंपनीचं विमान त्याच दिल्लीहून पाकिस्तानवरून सरळ जाऊ शकतं आणि आपला प्रवासी मुकाट्याने त्याचं तिकीट काढतो.