चार मिलिमीटरमधला हिशेब

माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी असतात. त्यांतल्या 16 अब्जांच्या आसपास बाह्यकात, म्हणजे वरच्या सुरकुतलेल्या थरात. या थरातल्या पेशी बहुतेक सगळ्या बाळ पोटात असतानाच तयार होतात. गरोदरपणाचे पुरते 280 दिवस धरले, तरी मिनिटाला 40 हजारांच्या घरात वेग पडतो. सुरुवातीचे आठवडे या कामाचे नसतातच, तेव्हा खरा वेग याहून बराच जास्त.

पण त्यासाठी आधी मुद्दल हवं. मेंदूच्या मूळ पेशी सुरुवातीला चेतापेशी बनवतच नाहीत. एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा नुसत्या दुणावतात. दहा फेऱ्यांत 1,024, वीस फेऱ्यांत दहा लाखांवर. शेवटच्या तीनच फेऱ्या बुडाल्या तर? आठवा हिस्सा उरतो.

मायक्रोसेफलीत, म्हणजे जन्मतःच मेंदू फार लहान असण्याच्या विकारात, हेच होतं का, हे पाहणार कसं? पोटातल्या बाळाच्या मेंदूत डोकावता येत नाही. उंदराचा अख्खा मेंदू अर्ध्या ग्रॅमच्या आतला. त्यात हा विकार नीट उमटतही नाही.

वाट दाखवली जपानच्या शिन्या यामानाका यांनी. 24 जनुकांतून त्यांनी चार निवडली. ती घातली की साधी पेशी पुन्हा मूळ पेशीसारखी होते. 2013 मध्ये व्हिएन्नात मॅडलिन लँकेस्टर आणि युर्गन नोब्लिख यांनी अशा पेशींपासून मेंदूच्या ऊतींचे गोळे वाढवले. फार तर चार मिलिमीटरचे; रक्तवाहिन्या नसल्याने आतवर प्राणवायू पोचत नाही, म्हणून वाढ तिथेच थांबते. मायक्रोसेफलीच्या एका रुग्णाच्या त्वचेपासून केलेले गोळे त्याहूनही लहान राहिले. त्यातल्या मूळ पेशी दुणावायचं सोडून घाईने चेतापेशी बनत होत्या. मुद्दलच मोडलं जात होतं! त्या रुग्णात बिघडलेल्या जनुकाचं प्रथिन बाहेरून पुरवल्यावर हा दोष काही अंशी सुधारला.

हे एका जनुकाचं झालं. 2023 मध्ये स्टॅनफर्डमधल्या सर्जिऊ पाश्का यांच्या गटाने मेंदूच्या विकासाच्या विकारांशी निगडित 425 जनुकं तपासायला घेतली. काही चेतापेशी जन्मतात एकीकडे आणि सरकत सरकत बाह्यकात जातात. तो प्रवास दिसावा म्हणून दोन भागांचे गोळे शेजारी ठेवून जुळवले. असे हजारावर जोडगोळे. 425 पैकी 46 जनुकं हाती लागली: 13 बिघडली की या पेशी घडण्यात अडथळा येतो, 33 बिघडली की त्यांच्या प्रवासात.